कुंकू काळे का दिसते? जुन्या तसबिरींचे टचिंग, रंग आणि पुरावा

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी माणसांचा पूर लोटतो. तिथे दिसणारे जिजाऊंचे प्रत्येक चित्र एखाद्या चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेले असते, हे आपण सारे जाणतो. जिजाऊंचे निधन १६७४ चे आणि दागेरची छायाचित्रणाची प्रक्रिया जगापुढे आली ती १८३९ मध्ये. तेव्हा ‘हा त्यांचा खरा चेहरा’ असे कोणी म्हणत नाही आणि त्या चित्रामुळे कोणी फसतही नाही.

आता त्याच तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावातील एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर चला. भिंतीवर, छताला लागून, पुढे झुकलेली पणजोबांची तसबीर आहे. काळा कोट, गुलाबी ओठ, मागे हिरवट पडदा, गाल लोण्यासारखे नितळ. ‘पणजोबा गोरेपान होते हो,’ असे घरातले कोणीतरी सांगते आणि आपण मान डोलावतो. कारण तो फोटो आहे. कॅमेरा थोडाच खोटे बोलतो!

मित्रहो, आजचा धागा या विश्वासाविषयी आहे. थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचल्यास आपल्याच घरातील तसबीर निराळ्या नजरेने पाहावीशी वाटेल.

आधी एक विचित्र गोष्ट. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत बायकांच्या कपाळावरचे कुंकू जवळजवळ काळे दिसते. तांबडे लुगडे आणि काळी चंद्रकळा यांत फरक कळत नाही. निळे वस्त्र मात्र पांढुरके होऊन जाते. उन्हाळ्यातील स्वच्छ निळे आकाश तर कोऱ्या कागदासारखे. असे का व्हावे?

कारण तेव्हाच्या काचेला तांबडा रंग दिसतच नव्हता. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची प्रक्रिया प्रसिद्ध केली आणि पुढची सुमारे तीस वर्षे जगभरचे छायाचित्रकार तीच वापरत राहिले. काचेवर कोलोडियनचा थर ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी धुऊन काढायची. हा थर जांभळ्या, निळ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देई. पिवळा आणि तांबडा प्रकाश त्याच्या लेखी अंधारच. म्हणूनच डार्करूममध्ये तांबडा दिवा लावून काम करता येत असे.

१८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले की थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तो हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जागा होतो. तांबड्यासह सर्व रंग टिपणाऱ्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, प्लेटा बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि सर्वसाधारण स्टुडिओपर्यंत पोचायला त्यांना आणखी बराच काळ लागला.

आता ही निळ्याचीच भाषा समजणारी काच एखाद्या गव्हाळ किंवा सावळ्या माणसासमोर धरा. आपल्या त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात तांबड्या-पिवळ्याचा वाटा मोठा आणि निळ्याचा अगदी थोडा. परिणाम असा की माणूस प्रत्यक्षात असतो त्याहून कितीतरी काळा उमटे. त्वचेवरचा प्रत्येक तांबूस डाग, वांग, मुरुमाची खूण दुपटीने गडद होऊन बसे. हळद लावलेली नवरी तर पाहायलाच नको. माणूस फोटो हातात घेई आणि म्हणे, ‘हा मी नव्हेच.’ त्याचे म्हणणे खरेच होते.

येथून टचिंगची गोष्ट सुरू होते.

मुंबईत छायाचित्रणाची संस्थात्मक सुरुवात फार लवकर झाली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढे असलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच सुमारास मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालवला. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे पन्नास वर्षे उशिरा झिरपत आले असे नव्हे. युरोपातील वाद येथेही ताजेच होते.

आणि तेव्हा युरोपात वाद होता तो नेमका निगेटिव्हवरील हस्तक्षेपाचा. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच व्यक्तिचित्राच्या दोन प्रती मांडल्या, एक मूळ आणि दुसरी निगेटिव्ह सुधारून काढलेली. लोक थक्क झाले. कॅमेरा जे देतो ते अंतिम नसते, हे सर्वांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर फोटो काढून घेणाऱ्यांची संख्या घटली नाही, वाढली. यातच सारे आले.

हे काम प्रत्यक्षात चाले कसे, ते नीट पाहू. कारण या कामाचा तपशील जितका देखणा आहे, तितकाच पुढे आपल्याला पुरावा तपासताना उपयोगी आहे.

टचिंग करणाऱ्यासमोर एक उतरते मेज असे. मधोमध दुधी काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून वर येई आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह मागून उजळून निघे. निगेटिव्हच्या गुळगुळीत थरावर पेन्सिल चालत नाही, म्हणून आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात बोटाने किंवा फडक्याने फिरवायचा. त्याने पृष्ठभागाला किंचित खरखर येते. मग कठीण शिशाची पेन्सिल घ्यायची आणि सँडपेपरवर घासत घासत तिचे टोक सुईसारखे लांब व निमुळते करायचे.

आता उलट्या जगात काम सुरू. निगेटिव्हवर जे काळे ते कागदावर पांढरे. डोळ्यांखालचे वर्तुळ कागदावर काळे उमटते, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा पातळ, पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचे बारीक स्वल्पविराम, टिंबे, नखाएवढी वळणे भरत जायची. शिसे जितके चढेल तितकी ती जागा कागदावर उजळेल. कपाळावरच्या आठ्या, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी, गालावरचे डाग असा हात फिरत जाई. एखादी जागा उलट गडद करायची असेल तर पेन्सिल नव्हे, चाकू. थराचा पापुद्रा धारदार पात्याने अलगद खरवडायचा. पाते जरा जास्त दाबले गेले तर काच वाया. मागचा पसारा नको असेल तर निगेटिव्हवर त्या भागात अपारदर्शक रंग भरायचा. प्रकाश अडला की कागदावर पांढरी शुभ्र पार्श्वभूमी मिळते.

चांगला कारागीर सुरकुती हलकी करी, पुसत नसे. हाडांची ठेवण दाखवणारी सावली तो जपे. कच्चा किंवा घाईतला कारागीर सगळेच सपाट करी आणि चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसू लागे. आपल्या तसबिरींत ही अंडी पुष्कळ आहेत.

एक साधा प्रश्न विचारू. तांबड्याला आंधळ्या असलेल्या काचेने सावळ्या माणसाला काळाकुट्ट केले आणि कारागिराने पेन्सिलीने त्याला पुन्हा सावळे केले, तर त्याला खोटेपणा म्हणावा काय? मला वाटते, नाही. ती दुरुस्ती होती. पण पेन्सिल हातात आली की ती सावळेपणापाशी थांबत नाही. गव्हाळपणापाशीही थांबत नाही. दुरुस्ती कोठे संपली आणि खुशामत कोठे सुरू झाली, ही सीमा एकोणिसाव्या शतकातील फोटोत शोधणे जवळजवळ अशक्य आहे.

विसाव्या शतकात मात्र ती शोधता येते. स्वातंत्र्यानंतर आपल्या स्टुडिओंत सर्व रंग टिपणारी फिल्म रुळली. उदगमंडलमला १९६० मध्ये सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा ‘इंदू’ हा छाप देशभरातील फोटोग्राफरांच्या ओळखीचा झाला. आता कुंकू काळे पडत नव्हते. त्वचा अकारण गडद होत नव्हती. काचेचा दोष संपला होता. तरीही पेन्सिल थांबली नाही. चेहरा उजळ करण्याची मागणी तशीच राहिली, विशेषतः लग्न जुळवण्यासाठी पाठवायच्या मुलींच्या फोटोंत. म्हणजे तंत्राची सबब गेली आणि उरली ती निव्वळ आपली आवड. आपल्या समाजाची रंगाविषयीची ओढ मोजायची असेल तर याहून चोख साधन मला ठाऊक नाही.

टचिंगने आणखी एक गोष्ट पुसली, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिचे जास्त वाईट वाटले पाहिजे. ती म्हणजे देवीचे व्रण. देवीच्या रोगाने पिढ्यानुपिढ्या माणसे मारली आणि वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर खड्डे ठेवले. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा. म्हणजे आपल्या पणजोबा-पणजीच्या पिढीत असे चेहरे गावोगाव होते. तसबिरींत मात्र ते फारच थोडे. ते गेले कोठे? पेन्सिलीच्या टिंबांखाली. केवळ तसबिरी पाहून कोणी त्या काळच्या आरोग्याविषयी लिहू लागला, तर फार सुखी महाराष्ट्र त्याच्या हाती लागेल.

हे सारे सामान्य माणसाच्या हौसेचे फळ, असे मात्र समजू नका. राज्यकर्त्यांचे ‘शास्त्रीय’ काम यात मागे नव्हते. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील निरनिराळ्या जाति-जमातींचा परिचय देणारे दोन सचित्र खंड काढले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे टिपली स्टुडिओत आणि मागचे दृश्य आणले दुसऱ्याच निगेटिव्हवरून. दोन्हींची सांधेजोड करून एक चित्र. आज आपण ज्याला फोटोशॉप म्हणतो ते, १८६० च्या दशकात, काच आणि कात्रीने. अशी चित्रे पुढे जातींच्या अभ्यासाचा पुरावा म्हणून पाहिली गेली. ओसरीवरच्या पणजोबांनी गाल उजळून घेतले तर त्यांना हसू नये, इतकेच.

आता रंगांकडे वळू.

छायाचित्रावर हाताने रंग चढवण्याची कला छायाचित्रणाच्या जन्मापासूनची. दागेरच्या चकचकीत पत्र्यावर बारीक वाटलेली रंगाची पूड आणि डिंक वापरत. पुढे कागदाचे फोटो आले तेव्हा पातळ जलरंग आणि नंतर तैलरंग. रंगवायचा फोटो मुद्दाम थोडा फिकट छापत आणि शक्यतो आधी सेपिया करून घेत, कारण काळ्या सावलीवर चढवलेला रंग मळकट दिसतो, तपकिरी सावलीवर तो खुलतो. सेपियासाठी चांदीचे सल्फाइडमध्ये रूपांतर करावे लागते. त्या रसायनाला सडक्या अंड्यांचा दर्प येतो. सुंदर तपकिरी तसबिरीमागे ही दुर्गंधी असते, हे सहसा कोणी सांगत नाही.

तैलरंग कापसाच्या बोळ्याने पसरवून मग पुसत आणत, म्हणजे खालचा फोटो दिसत राहतो. गालांवर आणि ओठांवर गुलाबी. डोळ्यांतल्या उजेडाचा ठिपका पांढऱ्याने पक्का. दागिन्यांसाठी मात्र जाड, अपारदर्शक रंग. नथ, ठुशी, गळेसर, पाटल्या पिवळ्या टिंबांनी उठवत.

आपल्याकडे या जाड रंगाने पुष्कळच मुलूख जिंकला. उत्तर आणि पश्चिम भारतातील अनेक रंगवलेल्या तसबिरींत चेहरा तेवढा कॅमेऱ्याचा आणि बाकी सारे पेंटरचे. गालिचा, खुर्ची, अंगरखा, मागचा पडदा, सगळे ब्रशने. राजा दीनदयाळ यांच्यासारख्या मोठ्या छायाचित्रकाराच्या नावाने निघालेल्या चित्रांतही रंगवलेली आहेत. इंदूर आणि सिकंदराबादनंतर १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला होता.

ही रंगाची हौस कोठून आली? जुन्या चित्रपरंपरेतून तर आलीच. पण माझ्या मते घराघरांत शिरलेल्या छापील चित्रांचा वाटा मोठा आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथील लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे भिंतींवर लागली. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला फोटोग्राफी करत होते आणि नंतर याच छापखान्याशी ब्लॉक तयार करण्याच्या कामाने जोडले गेले. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. महाल, कमानी, कारंजी, दूरवर तळे. फोटो स्टुडिओतील मागचा पडदा आणि नाटकाचा पडदा हे एकाच घराण्यातले. रंगीत लक्ष्मीशेजारी करड्या रंगाचे वडील लावायचे, हे कोणाला बरे रुचेल?

(जाता जाता एक गंमत. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला. रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. म्हणजे ज्या काळात यंत्राला रंग साधत नव्हता, त्याच काळात गावोगावचे पेंटर तो चोख काढून देत होते.)

आता दुसरबीडकडे परत येऊ. बुलढाणा जिल्ह्यातील रेल्वे उत्तरेकडे, मलकापूर-शेगावच्या बाजूने जाते. दक्षिणेकडच्या या गावांना जवळचे स्टेशन म्हणजे पलीकडच्या निजामी मुलखातले जालना, आणि तेथे रेल्वे आली १९०० च्या सुमारास. काच, कागद, रसायने बाहेरून येणार, त्यामुळे स्टुडिओ शहरांत आणि मोठ्या पेठांत. अशा भागातील माणसाला फोटोसाठी प्रवास करावा लागे. कित्येकांचा आयुष्यात एकच फोटो निघे. कित्येकांचा तोही नाही. मग माणूस गेल्यावर एखाद्या लग्नातील घोळक्यातून त्याचे डोके तेवढे वेगळे काढायचे, मोठे करायचे आणि मानेखालचा देह पेंटरकडून रंगवून घ्यायचा. ज्यांनी हयातीत कोट पाहिला नाही, ते मरणानंतर कोट घालून भिंतीवर बसले.

क्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने उज्जैनजवळच्या नागदा गावातील स्टुडिओंचा अभ्यास १९९७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तेथील गिऱ्हाइकांना स्वतःची हुबेहूब नक्कल नको होती, रोजच्यापेक्षा बरे रूप हवे होते, असे त्याला दिसले. मला हे पटते. एकच फोटो मागे राहणार असेल तर तो शेतातून आल्यासारखा का असावा? तसबीर म्हणजे घराने आपल्या माणसाला दिलेला शेवटचा पोशाख. ‘पणजोबा कसे होते’ याचे उत्तर तिच्यात थोडे असते. ‘ते कसे दिसावेत अशी मागे राहिलेल्यांची इच्छा होती’ याचे मात्र भरपूर. हाही पुरावाच. फक्त तो कशाचा, हे ओळखता आले पाहिजे.

आणि ओळखता येते. तसबीर काचेतून बाहेर काढून उजेडात तिरपी धरा. हाताचा रंग पृष्ठभागावर बसलेला असतो, त्याची चकाकी निराळी दिसते, ब्रशचे फटकारे उठून येतात. भिंग घ्या. दागिन्यांची टिंबे एकसारखी असतील, खऱ्या दागिन्यांत असते तशी सावली नसेल, तर ती पेंटरची देणगी. डोक्याची कड आणि मानेची रेषा पाहा. मागची बाजू पाहा, स्टुडिओचा शिक्का तेथे असू शकतो. आणि निगेटिव्ह सापडली तर भाग्यच. ती तिरप्या उजेडात धरल्यावर शिशाच्या खुणा चकाकतात, आणि कारागिराने नेमके काय झाकले त्याचा नकाशाच समोर येतो.

हे सारे आज सांगण्याचे कारण आपल्या खिशात आहे. जुना फोटो मोबाइलवर टाकला की क्षणात रंगीत होऊन मिळतो. ही प्रणाली शिकते कशी? लाखो आधुनिक रंगीत फोटो घ्यायचे, त्यांतील रंग काढून ते करडे करायचे आणि करड्यावरून मूळ रंग ओळखण्याचा सराव यंत्राला द्यायचा. आता मघाची काच आठवा. आजचा करडा फोटो सर्व रंगांचा हिशेब ठेवून करडा होतो. १८८५ ची काच तांबड्याला आंधळी होती. त्या काचेवरचे गडद वस्त्र तांबडे असू शकते, पिवळे असू शकते, काळे असू शकते. यंत्राला हे ठाऊक नसते. ते सर्वांत संभवनीय वाटणारा रंग भरते आणि मोकळे होते.

आनंदीबाई जोशी यांचे १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेले छायाचित्र आपण पाहिले असेल. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी. साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानी केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली. याच्या रंगवलेल्या प्रती आंतरजालावर फिरतात आणि पुष्कळ जण त्यांनाच मूळ समजून पुढे पाठवतात. त्या प्रतींतील साडीच्या रंगाला पुरावा कोणता? छायाचित्रातून तो मिळत नाही.

याच्या उलट लोकमान्यांची पगडी. ती लाल होती हे आपण ठामपणे सांगतो, कारण ती पाहणाऱ्यांच्या आठवणींनी ते सांगून ठेवले आहे. फोटोतली काळपट पगडी पाहून ते कोणालाच कळले नसते. शिर्डीच्या साईबाबांचे दगडावर बसलेले कृष्णधवल छायाचित्र घ्या. त्यावरून निघालेल्या कॅलेंडरांत कफनी कधी पांढरी, कधी भगवी, कधी आणखी कोणती. फोटो एक, रंग छापणाऱ्याच्या मर्जीचे.

जुन्या पेंटरच्या आणि मोबाइलच्या कामात एक फरक आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो. पेंटरचा रंग पृष्ठभागावर दिसतो. तिरपा उजेड टाकला की तो पकडला जातो. यंत्राचा रंग प्रत्येक ठिपक्यात मुरलेला असतो आणि तिरपा धरायला हातात कागदही नसतो. काही घरांत तर फोटो ‘नवा’ करून घेतल्यावर जुना, डाग पडलेला कागद फेकून देतात. फेकला गेला तोच मूळ पुरावा.

तेव्हा रंगवायची हौस असेल तर अवश्य रंगवा. पणजोबांनीही तेच केले होते. फक्त त्याआधी मूळ फोटो पुढून आणि मागून, डागांसकट, आहे तसा स्कॅन करून ठेवा आणि रंगवलेल्या प्रतीच्या नावातच ‘रंगवलेली’ असे लिहा. मूळ कागदावर बॉलपेनने काही लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उठतो. नाव, गाव, अंदाजे साल हे मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कडेला.

आणि हे सारे करण्याच्या आधी, घरातील सर्वांत वयस्क बाईच्या हातात तो फोटो द्या आणि विचारा, ‘हे लुगडं कोणत्या रंगाचं होतं गं?’